'इनडिस्ट्रक्टिबल' : न मोडणारे काय आणि मोडायचे काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. वाणगावच्या आमच्या बुद्धविहारात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. कुणी डहाणूहून, कुणी बोईसरहून लोकलने येते, कुणी पाड्यावरून चालत येते. त्यात तलासरीकडची एक वारली समाजाची मुलगी आहे. वडील चिकूच्या वाडीत मजुरीला जातात. मुलगी हुशार, पण मोजके बोलणारी. त्या दिवशी तिने गाईड उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. भारत हा विनाशी राज्यांचा अविनाशी संघ आहे, अशा अर्थाची ती ओळ होती. शेजारी कंसात इंग्रजी शब्द दिला होता : 'इनडिस्ट्रक्टिबल'.

ती म्हणाली, "सर, गेल्या रविवारी भन्तेजींनी सांगितलं की जगात अविनाशी असं काहीच नाही. मग हा संघ अविनाशी कसा? भन्तेजी खरे की गाईड खरं?"

वर्गात हशा पिकला. मागून एक मुलगा म्हणाला, "आधी कोणता संघ ते तरी विचार!" पुन्हा हशा. आम्हीही हसलो आणि घाईघाईने सांगून टाकले, "परीक्षेत गाईडमधलं लिही, बाकीचं नंतर बघू."

तिने ते वहीत उतरवून घेतले. वर्ग सुटल्यावर मात्र ती चपला घालता घालता हळूच म्हणाली, "सर, मी परीक्षेसाठी नव्हतं विचारलं. लोक म्हणतात घटना बदलणार. ती टिकणारी आहे की नाही, एवढंच विचारायचं होतं."

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. पाठांतरावर जगणाऱ्या शिक्षकांना आम्ही आयुष्यभर नावे ठेवली आणि वेळ आली तेव्हा आम्हीही गाईडचेच उत्तर दिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत संविधान बदलणार की नाही यावर गावोगाव वाद झाले. पारावर, रिक्षात, लोकलच्या डब्यात लोक तावातावाने बोलत होते. त्या गदारोळात एका मजुराच्या मुलीच्या मनात हा प्रश्न घर करून बसला होता. तो आम्ही हसण्यावारी नेला. म्हणून आजचा हा स्तंभ त्या एका शब्दासाठी आणि त्या एका प्रश्नासाठी.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. 'इनडिस्ट्रक्टिबल' हा लॅटिन वळणाचा शब्द. त्याच्या पोटात 'स्ट्रुएरे' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ रचणे, एकावर एक ठेवून उभारणे. स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन, इन्स्ट्रक्शन ही सारी त्याच घरातली भावंडे. त्याला 'डी' लागला की रचलेले खाली आणणे, पाडणे असा अर्थ होतो. शेवटचा 'इबल' म्हणजे तसे करता येण्याजोगे आणि सुरुवातीचा 'इन' म्हणजे नकार. सगळे जुळवले तर अर्थ निघतो : जे रचलेले आहे, पण कुणालाही पाडता येत नाही असे.

आता मराठीतला 'अविनाशी' घ्या. हा शब्द आपल्याकडे आला तो आत्म्याच्या चर्चेतून. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, म्हणून अविनाशी, असे कीर्तनकार सांगत आले. म्हणजे जे कधी रचलेच नाही आणि ज्याचा आपोआपही नाश होत नाही ते. इंग्रजीत यासाठी 'इम्पेरिशेबल' हा वेगळा शब्द आहे. फरक बारीक वाटेल, पण तो मोठा आहे. आमच्या डहाणूचा चिकू पिकला की दोन-चार दिवसांत आपसूक नासतो. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. दगडी धरण मात्र आपसूक नासत नाही, ते पाडायला कुणीतरी लागते. पहिल्या प्रकारात काळ हा मारेकरी आहे, दुसऱ्या प्रकारात माणूस. 'इनडिस्ट्रक्टिबल' हा शब्द पाडणाऱ्या हाताकडे बोट दाखवतो. 'अविनाशी' या भाषांतरात तो हातच नाहीसा होतो आणि मागे धूप-उदबत्तीचा वास तेवढा उरतो.

मराठीत दुसरे शब्द नाहीत असेही नाही. जिवंत असून मरत नाही तो अमर. वापरून कमी होत नाही ते अक्षय. ज्यातून काही आरपार जात नाही ते अभेद्य. ज्याची गाठ सुटत नाही ते नाते अतूट. बाजारात चालतो तो टिकाऊ आणि शेतात दिसतो तो चिवट. गाईडवाल्याने 'अतूट संघ' किंवा 'अभंग संघ' लिहिले असते तर आमच्या विद्यार्थिनीचा अर्धा गोंधळ तिथेच मिटला असता. शब्द निवडताना आपण कुणाचे तत्त्वज्ञान उचलून घरात आणतो, याचे भान भाषांतरकाराला असलेच पाहिजे!

इंग्रजीतही या शब्दाची रोजची अवस्था फारशी बरी नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हा टोकाचा शब्द. 'अधिक इनडिस्ट्रक्टिबल' किंवा 'सर्वात इनडिस्ट्रक्टिबल' म्हणण्यात अर्थ नाही, कारण मोडत नाही म्हणजे मोडत नाही, त्यात कमी-जास्त काय? म्हणूनच जबाबदार लेखक त्याच्या आधी 'जवळजवळ' हा शब्द लावतो. जाहिरातवाला तो शब्द गाळतो. टायर, बूट, सुटकेस, खेळणी, सगळे त्याच्या लेखी न मोडणारे. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० या मोबाईलवर तर जगभर विनोद झाले की फोन पडला आणि फरशी फुटली. आपल्याकडचा दुकानदार हेच मराठीत सांगतो, "हत्ती बसला तरी मोडणार नाही." हत्ती कधी बसत नाही, म्हणून त्याचे खपून जाते.

आमच्या भागात मात्र एकदा खरोखरच हत्ती बसला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरातील लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून बाहेर धावताना पडून एका चिमुकलीचा जीव गेला. त्या दिवसांत रस्त्यालगतच्या भिंतींवर सिमेंटच्या आणि सळ्यांच्या जाहिराती तशाच रंगवलेल्या होत्या. शंभर वर्षांची हमी, पिढ्यान्‌पिढ्यांची मजबुती! आणि त्याच परिसरात पक्क्या म्हणवणाऱ्या घरांना तडे गेले होते. कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले हलके घर धक्क्याबरोबर हलते, झुलते, पुन्हा उभे राहते. सळईची जोड नीट नसलेली विटांची भिंत ताठ उभी राहते आणि म्हणूनच तडकते. कडक म्हणजे टिकाऊ नव्हे, हा धडा आम्हाला जमिनीने शिकवला.

हाच धडा आमच्या भागातील डायमेकर कारागीर फार पूर्वीपासून जाणतात. चिंचणी-डहाणू पट्ट्यात सोन्याचांदीचे आणि नकली दागिने घडवण्यासाठी पोलादी साचे कोरण्याचा धंदा पिढ्यांचा आहे. नक्षी कोरून झाली की पोलाद तापवतात, पाणी पाजतात, कडक करतात. पाणी कमी झाले तर साचा दबतो. जास्त झाले तर साचा पहिल्याच ठोक्याला तडकतो. हजारो ठोके सोसणारा साचा तोच, ज्यात कडकपणा आणि थोडी लवचीकता यांचा मेळ जमला आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे आपल्याला तिची गरज पडणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गाईडमधला तो शब्द गाईडवाल्याने शोधलेला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. भारताला 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' का म्हटले, याचा खुलासा त्यांनी त्या भाषणात केला. भारताचा संघ हा राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, असा त्याचा आशय होता. आणि हे सांगताना त्यांनी जो शब्द वापरला तो 'इनडिस्ट्रक्टिबल'.

बाबासाहेबांनी हा शब्द असाच हवेतून उचलला नव्हता. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या महामानवाला अमेरिकेचा इतिहास पाठ होता. तिथे १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये फुटली आणि १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले. लाखो माणसे मेली. युद्धानंतर टेक्सास विरुद्ध व्हाइट हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. वाद सरकारी रोख्यांचा होता, पण निकालात प्रश्न आला की टेक्सास फुटले होते की नव्हते? १८६९ मध्ये सरन्यायाधीश सॅलमन चेस यांनी सांगितले की फुटण्याचा ठराव कायद्याने शून्य होता, कारण अमेरिकेचे संविधान न मोडणाऱ्या राज्यांचा न मोडणारा संघ निर्माण करते. म्हणजे हा शब्द तिथल्या कायद्यात पक्का झाला तो एवढ्या रक्तपातानंतर. बाबासाहेबांनी संविधान सभेला नेमके हेच सांगितले. अमेरिकेला जे यादवी युद्ध करून ठरवावे लागले, ते आपण सुरुवातीलाच स्पष्ट लिहून ठेवू, वादाला जागाच नको. केवढी ही दूरदृष्टी!

पण एक फरक त्यांनी ठेवला. अमेरिकेत संघही न मोडणारा आणि राज्येही न मोडणारी. आपल्याकडे राज्ये मोडता-जोडता येतात. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद नवे राज्य करू शकते, सीमा बदलू शकते, नाव बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य केले गेले, त्याविरुद्ध बाबुलाल पराते यांनी केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली हेच स्पष्ट केले.

हे पुस्तकात वाचायला कोरडे वाटते. डहाणू-तलासरीच्या माणसाला ते घरातले आहे. १ मे १९६० ला द्वैभाषिक राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली. सोयरीक या बाजूला, शेत त्या बाजूला, अशी कुटुंबे आजही सापडतील. लेक एका राज्यात, सून दुसऱ्या राज्यातली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हाही विभागला आणि पालघर जिल्हा झाला. आमच्या वाणगावातील ऐंशी वर्षांचा म्हातारा एकाच घरात राहून आधी मुंबई प्रांतात, मग द्वैभाषिकात, मग महाराष्ट्रात राहिला आणि ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात आला. त्याने उंबरठा ओलांडला नाही. राज्य बदलले, जिल्हा बदलला. एक मात्र बदलले नाही : १९५० पासून तो भारताचा नागरिक आहे आणि त्याच्या मताची किंमत मुंबईच्या गिरणीमालकाच्या मताइतकीच आहे. संघ न मोडणारा आहे याचा त्या म्हाताऱ्यापुरता अर्थ एवढाच आणि एवढा मोठा आहे.

आणि राज्ये मोडता येतात म्हणूनच १०६ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर मराठी माणसाला आपले राज्य मिळाले. ती सोय संविधानात नसती तर लोकांपुढे कोणता मार्ग उरला असता? डायमेकरच्या पोलादाची गोष्ट इथे आठवा. सगळेच कडक केले असते तर साचा तडकला असता.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या घराकडे वळू. तिने एकदा बोलता बोलता सांगितले होते की तिचे पणजोबा 'लग्नगडी' होते. आजच्या शहरी वाचकाला हा शब्द माहीत नसेल. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या फेडीपोटी नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, ही ती पद्धत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेबाची वही जमीनदाराची आणि अक्षरही त्याचेच. त्याखेरीज वेठ वेगळी. बोलावणे आले की स्वतःचे शेत सोडून फुकट राबायला जायचे. डहाणू, उंबरगाव, पालघर या भागात पिढ्यांमागून पिढ्या हे चालले. जमीनदारांना वाटे हे असेच चालणार. दुर्दैवाने राबणाऱ्यांनाही तसेच वाटे. त्यांच्या दृष्टीने खरी 'इनडिस्ट्रक्टिबल' वस्तू कोणती असेल तर ती हीच होती!

२३ मे १९४५ रोजी झरी येथे, आजच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या वतीने त्यांच्या पाठीशी होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. लोक मागे हटले नाहीत. पाहता पाहता लग्नगडी आणि वेठ मोडीत निघाली. या लढ्याचा झेंडा लाल होता आणि आमची वाट निळ्या झेंड्याची आहे, हे आम्ही जाणतो. पण एक धागा विसरता येत नाही. हेच शामराव परुळेकर १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून निवडून आले होते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला होता. खोत असो की जमीनदार, त्यांची सत्ता निसर्गाने दिलेली नाही, माणसाने रचलेली आहे, म्हणून ती माणसाला पाडता येते, हा विचार तिथेही होता आणि इथेही.

संविधानाने पुढे अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीला बंदी घातली आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. तरीही वीटभट्ट्यांवर उचल घेऊन अडकलेली कुटुंबे पाहिली की जुनी लग्नगडी नवे कपडे घालून आल्यासारखी वाटते. पाडलेली भिंतही कुणी पुन्हा रचू शकतो, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

जातीचेही तसेच. जात ही ईश्वराने घडवली, म्हणून ती अढळ, असे आपल्याला हजारो वर्षे शिकवले गेले. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी लिहिलेले भाषण मंडळाला पेलवले नाही, परिषदच रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतः छापले. जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नाही, ती मनाची अवस्था आहे, म्हणून तिचा नाश म्हणजे विचारांत बदल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आता गंमत पाहा. पुस्तकाच्या नावातला इंग्रजी शब्द 'अ‍ॅनिहिलेशन', म्हणजे समूळ निर्मूलन. संघासाठी वापरला तो 'इनडिस्ट्रक्टिबल'. एकाच लेखणीतून निघालेले हे दोन टोकाचे शब्द. एक जपण्याचा, एक मोडण्याचा. काय जपायचे आणि काय मोडायचे याची निवड ज्याला करता येते तोच समाज पुढे जातो. आपल्याकडे अनेकांनी उलटे केले. जातीला अढळ मानले आणि संविधानाला तात्पुरते!

आता त्या मुलीचा खरा प्रश्न. घटना टिकणारी आहे की नाही?

कायद्याच्या भाषेत उत्तर सरळ आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनेत दुरुस्ती करता येते. २०२३ पर्यंत अशा १०६ दुरुस्त्या झाल्या. पण दुरुस्ती करता येते म्हणजे मोडता येते असे नव्हे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला की संसदेला घटनेत बदल करता येईल, मात्र तिची मूलभूत संरचना नष्ट करता येणार नाही. 'संरचना' म्हणजे 'स्ट्रक्चर'. शब्दाचे घराणे पुन्हा तेच! छप्पर बदला, खिडकी वाढवा, रंग काढा, पण खांबाला हात लावू नका. फक्त वाचकांनी तो आकडा नजरेआड करू नये. सात विरुद्ध सहा. एक न्यायमूर्ती इकडचे तिकडे झाले असते तर?

म्हणून आम्ही म्हणतो की केवळ कायद्याच्या उत्तरावर विसंबून चालणार नाही. बाबासाहेबही विसंबले नाहीत. ज्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संघाला न मोडणारा म्हटले, त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात धोक्याची घंटा वाजवली. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असे विसंगतीचे जीवन सुरू होईल. ती विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेचे चटके सोसणारे लोक या सभेने परिश्रमाने उभारलेली लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला. राबवणारे लोक वाईट निघाले तर चांगली घटनाही वाईट ठरेल, हेही त्याच भाषणात. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या वरवरच्या थरासारखी ठरतील, हेही तिथलेच.

ही विसंगती आहे काय? मुळीच नाही. पहिल्या दिवशी ते सांगत होते की हा संघ मोडण्याचा अधिकार कुणालाही नाही. दुसऱ्या दिवशी ते सांगत होते की अधिकार नसला तरी ही इमारत ढासळू शकते. अधिकार आणि शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराला चोरीचा अधिकार नाही, म्हणून कुणी कुलूप लावायचे थांबत नाही.

आता भन्तेजी आणि गाईड यांचे भांडणही मिटते. तथागतांनी अनित्यता सांगितली ती 'संखारां'ची, म्हणजे जे जे घटक एकत्र येऊन घडले आहे त्याची. लॅटिनमधल्या 'रचणे' या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा हा शब्द. जे रचले ते विस्कटू शकते. संविधान रचलेले आहे, संघ रचलेला आहे. तेव्हा भन्तेजी खरेच बोलले. पण बुद्धांनी तेवढे सांगून हात झटकले नाहीत. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची कथा आहे. वज्जी हेही एक संघराज्यच. मगधाचा राजा अजातशत्रू त्यांच्यावर चालून जाण्याच्या बेतात होता. त्याचा मंत्री वस्सकार बुद्धांकडे आला. बुद्धांनी वज्जींच्या बळाचे वर्णन केले ते तटबंदी आणि हत्ती-घोडे मोजून नव्हे. ते वारंवार सभा भरवतात का, एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात का, ठरलेले नियम पाळतात का, वडीलधाऱ्यांचे ऐकतात का, स्त्रियांवर जबरदस्ती करत नाहीत ना, असे सात मुद्दे त्यांनी विचारले. जोवर हे पाळले जाईल तोवर त्यांची हानी होणार नाही. यांना 'अपरिहानिय धम्म' म्हणतात. पुढे काय झाले ते अट्ठकथेत आहे. वस्सकाराने वज्जींमध्ये राहून कानाफुशीने फूट पाडली, ते सभेला जमेनासे झाले आणि मग अजातशत्रूला वैशाली घेणे जड गेले नाही.

'अपरिहानिय'. ज्याची हानी होत नाही ते. 'इनडिस्ट्रक्टिबल'ला बौद्ध परंपरेने दिलेला हा आपला शब्द आहे आणि त्याच्या आत एक अट दडलेली आहे : 'जोवर'. जोवर एकत्र बसाल, जोवर नियम पाळाल, तोवर. आत्म्याच्या अविनाशीपणाला असली अट नसते, म्हणून तिथे माणसाला काही करावे लागत नाही. बुद्ध आणि बाबासाहेब मात्र माणसाला कामाला लावतात.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात आधी माफी मागितली आणि मग हे सारे मुलांना सांगितले. त्या मुलीला म्हटले, परीक्षेत गाईडमधले वाक्य लिही, त्याला गुण मिळतील. पण वहीच्या पहिल्या पानावर दुसरे लिही : न मोडणारे म्हणजे ज्याची राखण करणारे थकत नाहीत ते. तुझ्या पणजोबांच्या काळात लग्नगडी अढळ वाटत होती, ती लोकांनी जमून मोडली. आज तुला घटना डळमळीत वाटते, ती लोकांनी जमून जपायची आहे. दोन्हीकडे हात माणसांचेच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सर, आजी सांगते तसंच. कुडाचं घर दरवर्षी लिंपावं लागतं. लिंपलं तर शंभर वर्षं राहतं."

एवढा इतिहास आणि एवढे खटले सांगून आम्ही जे समजावत होतो ते तिच्या आजीने कधीच सांगून ठेवले होते. बंधू-भगिनींनो, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण लाखोंनी जमतो. ते जमलेच पाहिजे. पण वज्जींची ताकद वर्षातून दोनदा जमण्यात नव्हती, वारंवार जमण्यात होती. ग्रामसभेला आपल्यापैकी किती जण जातात? मतदार यादीत नाव आहे की नाही हे किती जण तपासतात? विहारातल्या अभ्यासवर्गाला शेजारच्या पाड्यावरील मुलांना किती जण बोलावतात? उद्देशिका घरात फ्रेम करून लावली आहे, ती पोरांना समजावून किती जणांनी सांगितली? लिंपण ते हेच.

संघ न मोडणारा आहे, असे बाबासाहेबांनी लिहून दिले. तो तसाच राहील याची जबाबदारी त्यांनी आपल्यावर टाकली आहे. ती आपण पेलली, तरच तलासरीच्या त्या मुलीला पुन्हा कधी हा प्रश्न विचारावा लागणार नाही.

जयभीम!